जुन्या व्हॅनचा एसी: गॅस भरण्याआधी तपासणी व्हावी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

फेब्रुवारी संपत आला की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, त्यांच्या जाळ्यांत नवा वाळा भरला जातो, आणि त्याच सुमारास मोटारींच्या एसीची कामे करणाऱ्या दुकानांपुढे गाड्या उभ्या राहू लागतात. तेथे आलेल्या जुन्या गाडीची तक्रार कोणतीही असो, उपचार बहुधा एकच असतो: गॅस भरणे. मागील उन्हाळ्यात आमच्या घरच्या व्हॅनमध्ये दोन महिन्यांच्या आत तीनदा गॅस भरला गेला, आणि मूळ बिघाड तिन्ही वेळा जागच्या जागी राहिला. गॅस भरण्याआधी गाडीची तपासणी व्हावी आणि त्या तपासणीची लेखी नोंद ग्राहकाच्या हाती पडावी, एवढी माझी मागणी आहे. ती का करावीशी वाटली, हे सविस्तर सांगण्यासाठी आपल्या दैनिकात थोडी जागा मागत आहे.

आमची व्हॅन २००९ साली नोंदलेली, आठ आसनांची आणि डिझेलवर चालणारी आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्या नोंदणीचे रीतसर नूतनीकरण करून घेतले आहे. नवी गाडी का घेत नाही, असे अनेक जण विचारतात. माझ्या दिरांचे आठवड्यातून दोनदा धंतोलीतील एका रुग्णालयात डायलिसिस असते आणि आमच्याच वस्तीतील आणखी दोन रुग्ण त्यांच्यासोबत येतात. उंच छत, सरकता दरवाजा आणि मागे आडवे होता येईल एवढी जागा, या तीन गोष्टी आम्हाला परवडणाऱ्या नव्या मोटारींत एकत्र मिळत नाहीत. डायलिसिसच्या रुग्णाने दिवसभरात किती पाणी प्यायचे, हे डॉक्टर मोजून देतात. पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेला असताना हुडकेश्वरहून तुकडोजी पुतळा चौकमार्गे धंतोलीला येताना ज्याला घशाला कोरड पडली तरी एखादाच घोट घेता येतो, त्याच्यासाठी गाडीतली थंड हवा ही चैन नसते. हिवाळ्यात तोच माणूस डायलिसिस आटोपून बाहेर येतो तेव्हा त्याला हुडहुडी भरलेली असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी आपल्या शहरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हा नागपुरात हीटर लागतोच कशाला, हा प्रश्नही तितकासा खरा नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात समोरच्या जाळीतून कोमट हवा येऊ लागली. पहिल्या दुकानात बॉनेट उघडले गेले आणि पाच मिनिटांत निदान झाले की गॅस कमी आहे. २,२०० रुपये देऊन आम्ही परत आलो. हवा सुधारली, पण पूर्वीसारखी झाली नाही, आणि पाच आठवड्यांनी पुन्हा कोमट झाली. दुसऱ्या दुकानात पुन्हा गॅस भरला गेला. मेअखेरीस नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला तेव्हा तिसऱ्या दुकानात तेच झाले, आणि त्या वेळी तर गाडी सिग्नलवर थांबली की एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर आपोआप बंद पडू लागला. तिन्ही पावत्यांवर ‘एसी गॅस’ एवढेच शब्द होते. कोणता गॅस, किती ग्रॅम, भरण्याआधी दाब किती होता, नंतर किती झाला, आधीचा गॅस कोठून निघून गेला, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांवर नव्हते. मी तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. निरीक्षणांचा तक्ता कोरा ठेवून निष्कर्ष लिहिलेली प्रयोगवही मी कधी तपासून दिली नाही. असे असूनही तीन वेळा पैसे मोजताना मी निरीक्षणे मागितली नाहीत, याची मला आजही खंत वाटते.

जूनच्या आरंभी आम्ही वाडी नाक्याजवळ ट्रक आणि प्रवासी गाड्यांची कामे करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे व्हॅन नेली. “ताई, गॅसचं नंतर पाहू, आधी हवा किती अंशांची येते ते बघू,” असे म्हणून त्यांनी डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत साधा थर्मामीटर खोचला. बाहेर ४३ अंश होते आणि जाळीतून १९ अंशांची हवा येत होती. मग इंजिनाकडून हीटरकडे गरम पाणी नेणारा रबरी होज पाइप त्यांनी चिमट्याने दाबून बंद केला आणि दहा मिनिटे थांबायला सांगितले. एसीच्या कोणत्याही भागाला हात न लावता जाळीतली हवा १४ अंशांवर आली. हा प्रयोग कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत शोभावा इतका साधा आणि निर्णायक होता.

त्याचे कारण असे की, डॅशबोर्डच्या आत थंड कॉईल आणि हीटरची गरम कॉईल एकामागोमाग बसवलेल्या असतात आणि हवेचा किती भाग गरम कॉईलवरून जाऊ द्यायचा, हे एक झडप ठरवते. आपण थंड-गरमचा खटका सरकवतो तेव्हा आतली तार ती झडप ओढते. आमच्या व्हॅनमध्ये ही तार धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटली होती. खटका निळ्या टोकाला नेला तरी झडप निम्म्यावर अडकून राहत होती. त्यामुळे उन्हाळ्यात आमच्या थंड हवेत ऐंशी-नव्वद अंशांच्या पाण्याने तापलेल्या कॉईलवरची हवा मिसळत होती, आणि आदल्या जानेवारीत ‘हीटर पूर्ण तापत नाही’ अशी जी तक्रार आम्ही करत होतो, तीही याच झडपेमुळे होती. दोन ऋतूंतल्या दोन तक्रारींचे मूळ एका क्लिपमध्ये होते. उन्हाळ्यात हीटरकडे पाहण्याचे कोणाला सुचले नाही आणि हिवाळ्यात एसीकडे पाहण्याचे आम्हाला सुचले नाही.

क्लिप हा एकच बिघाड होता, असे मात्र नाही. गळतीही खरीच होती. आमच्या व्हॅनसारख्या गाड्यांत मागच्या प्रवाशांसाठी छताजवळ वेगळा ब्लोअर आणि वेगळी कॉईल असते, आणि तिच्याकडे जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून, चिखल, खडी आणि पावसाचे पाणी खात मागे जातात. मागच्या चाकाजवळच्या वळणावर नळी पट्टीला घासून झिजली होती आणि तिथे तेलकट डाग पडून त्यावर धूळ चिकटली होती. एसीचे तेल गॅससोबत सर्वत्र फिरत असते, म्हणून जिथून गॅस निसटतो तिथे तेलाचा ओलसर डाग राहतो. हा डाग शोधायला यंत्र लागत नाही, गाडीखाली वाकून पाहण्याची तयारी लागते. तीन दुकानांत कोणीही गाडीखाली वाकले नव्हते.

गॅस ‘संपतो’ हा आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज आहे, आणि सारा व्यवहार त्यावरच उभा आहे. डिझेल जळून जाते, तसा हा गॅस खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो, ओलावा शोषून घेणाऱ्या ड्रायरमधून पुढे जातो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताना त्याचा दाब एकदम उतरतो, आतल्या कॉईलमध्ये तो गाडीतली उष्णता घेऊन पुन्हा वायू होतो आणि कॉम्प्रेसरकडे परततो. मोटारींत बराच काळ वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू उघड्यावर उणे २६ अंशांच्या आसपास उकळतो, म्हणूनच ही फेरी शक्य होते. रबरी होज पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याच्या सीलमधून वर्षांमागून वर्षे थोडा थोडा गॅस पाझरतो, हे खरे आहे. सात-आठ वर्षांनी एकदा भरावा लागला तर ते समजण्यासारखे आहे. परंतु पाच आठवड्यांत जो गॅस नाहीसा होतो त्याच्यासाठी छिद्र असलेच पाहिजे, आणि ते न शोधता पुन्हा भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे आहे.

दुसरा गैरसमज मीटरविषयी आहे. पुष्कळ दुकानांत इंजिन बंद असताना मीटर लावून “दाब बरोबर आहे” किंवा “दाब कमी आहे” असे सांगितले जाते. स्वयंपाकाच्या सिलिंडरचा अनुभव प्रत्येक घरात आहे. आतला द्रव संपत येईपर्यंत शेगडीची ज्योत तशीच राहते, म्हणून सिलिंडरमध्ये किती गॅस उरला हे ज्योतीवरून कळत नाही, वजनावरूनच कळते. एसीतल्या गॅसचेही तसेच आहे. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी बंद गाडीतला दाब केवळ तापमानावर ठरतो. आर-१३४ए साठी तो ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) आणि ४० अंशांना सुमारे १३३ पीएसआय असतो, मग आत ३०० ग्रॅम असोत की ९०० ग्रॅम. म्हणून भरायचा गॅस वजनकाट्यावर मोजूनच भरला पाहिजे. किती भरायचा, ते बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर ग्रॅममध्ये छापलेले असते. मागे वेगळा ब्लोअर असलेल्या गाडीला साध्या मोटारीपेक्षा बराच जास्त गॅस लागतो. आमच्या व्हॅनमधून मिस्त्रींनी गॅस काढून मोजला तेव्हा तो पट्टीवरच्या आकड्यापेक्षा चांगलाच जास्त निघाला. गळकी गाडी, आणि तरीही तिच्यात जास्तीचा गॅस, कारण शेवटचा भरणा अंदाजाने केला होता. सिग्नलवर कॉम्प्रेसर बंद पडण्याचे निम्मे कारण तेच होते. दाब मर्यादेपलीकडे गेला की सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो.

उरलेले निम्मे कारण कंडेन्सरच्या पंख्यात होते. गाडी रस्त्यावर धावताना हवा चांगली थंड असते आणि चौकात थांबली की कोमट होते, असे ज्यांच्या बाबतीत घडते त्यांनी गॅसचा विचार करण्याआधी हा पंखा फिरतो का, पूर्ण वेगाने फिरतो का, आणि कंडेन्सरच्या पात्यांमधून हवा आरपार जाते का, हे पाहावे. समृद्धी महामार्गावर जी व्हॅन गारठून टाकते तीच मेडिकल चौकात रडवते, याचे कारण महामार्गावर वारा पंख्याचे काम करतो. आमच्या कंडेन्सरवर सिमेंट रस्त्यांच्या कामांची धूळ तर होतीच, शिवाय काटोलच्या फेऱ्यांमध्ये कापूस भरलेल्या गाड्यांमागून चालताना उडालेले रुईचे तंतू पात्यांत विणल्यासारखे बसले होते. साध्या पाण्याने, कमी दाबाने, मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने ते धुतले. जोरदार फवारा मारला तर पाती वाकतात आणि मग हवेची वाट कायमची अडते, म्हणून धुणाऱ्याजवळ उभे राहून हे सांगावे लागते.

इंजिन चालू असताना दोन्ही मीटर एकत्र वाचले तरच त्यांना अर्थ येतो. पस्तीस अंशांच्या आसपासच्या हवेत कमी दाबाची बाजू साधारण ३० ते ४० पीएसआय आणि जास्त दाबाची बाजू २०० ते २५० पीएसआय दाखवते. नागपूरच्या मे महिन्यात दोन्ही आकडे याहून वर असतात, त्यामुळे बाहेरचे तापमान न लिहिता दाब लिहिला तर त्याचा उपयोग नसतो. दोन्ही बाजू कमी असतील तर गॅस कमी आहे. दोन्ही बाजू जास्त असतील तर गॅस जास्त झाला आहे, आत हवा शिरली आहे किंवा कंडेन्सर उष्णता टाकू शकत नाही. कमी दाबाची बाजू वर आणि जास्त दाबाची बाजू खाली आली असेल तर कॉम्प्रेसर आतून झिजला आहे, आणि कमी दाबाची बाजू शून्याखाली जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबला आहे. हे चार प्रकार वेगळे आहेत आणि त्यांतल्या एकाचाच इलाज गॅस आहे.

उपकरणावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मे २०२४ च्या अखेरीस आपल्याच शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने तपासले तेव्हा तो संवेदकाचा दोष निघाला. वेधशाळेच्या उपकरणाची फेरतपासणी होते, तर ज्या मीटरचा काटा मोकळा असतानाही शून्यावर येत नाही, त्यावरून कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला स्वीकारण्याआधी आपण तो काटा पाहून घ्यायला हरकत नाही.

काही लक्षणे घरबसल्या ओळखता येतात. एसीचे बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणाऱ्या क्लचचा ‘टक्’ असा आवाज येत नसेल तर दोष विजेच्या बाजूला असू शकतो. फ्यूज, रिले, सैल अर्थिंग, किंवा गॅस फारच कमी झाल्यावर वीज तोडणारा स्विच, यांपैकी काहीतरी कारण असते. जुन्या क्लचच्या दोन चकत्यांमधली फट झिजेने वाढलेली असते. असा क्लच सकाळी पकडतो, पण दुपारी इंजिन तापल्यावर पकडत नाही, आणि अशा वेळी आतली पातळ चकती काढून फट कमी केली की कॉम्प्रेसर बदलण्याचा हजारो रुपयांचा खर्च टळतो. ब्लोअर शेवटच्या वेगावरच चालत असेल आणि बाकीच्या वेगांवर मुका राहत असेल तर ब्लोअरचा रेझिस्टर जळला आहे. तासभर प्रवास केल्यावर हवेचा जोरच कमी होत गेला आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पाणी गळून जोर परत आला, तर आतल्या कॉईलवर बर्फ जमत आहे, आणि त्याला बहुतेक वेळा बिघडलेला थर्मोस्टॅट किंवा तुंबलेला फिल्टर जबाबदार असतो. हवेचा जोर तसाच राहून गारवा मात्र अधूनमधून जातो-येतो, तेव्हा एसीच्या नळ्यांमध्ये ओलावा शिरल्याचा संशय घ्यावा, कारण तो ओलावा व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो आणि वितळला की वाट पुन्हा मोकळी होते. पायाशी पाणी सांडत असेल तर ते एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबल्यामुळे असते. त्या पाण्याला चिकट गोडसर वास असेल तर प्रकरण हीटरच्या कॉईलचे आहे.

ओलाव्याबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण घाईच्या कामात सर्वांत आधी याच पायरीला फाटा मिळतो. नळी उघडली की आत हवा आणि तिच्यासोबत बाष्प शिरते. म्हणून दुरुस्तीनंतर नवा ड्रायर बसवून व्हॅक्यूम पंपाने अर्धा-पाऊण तास आतली हवा काढावी लागते, म्हणजे कमी दाबामुळे आतले पाणी साध्या तापमानालाच उकळून बाहेर पडते. पंप बंद केल्यावर काटा पंधरा-वीस मिनिटे जागेवर राहिला पाहिजे. काटा मागे सरकला तर गळती अजून शिल्लक आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्याने इथे व्हॅक्यूमचा काटा पुस्तकातल्या (पाऱ्याच्या) २९.९ इंचांपर्यंत कधीच जाणार नाही, साधारण २८.८ इंचांवर थांबेल. हे ठाऊक नसल्याने चांगल्या पंपालाही दोष दिला जातो. गळती शोधण्यासाठी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे पाणी लावणे ही उत्तम रीत आहे. टायरची हवा भरणारा कॉम्प्रेसर यासाठी जोडू नये. त्याने आत ओलावा जातोच, पण दाबाखालच्या हवेत मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो.

आता हीटरकडे येते. नागपुरात हीटर निकामी झाला की अनेक ठिकाणी त्याचे दोन्ही होज पाइप एकमेकांना जोडून कॉईल कायमची बाजूला काढली जाते. सोपे काम म्हणून ते केले जाते, पण त्याचे परिणाम पुढे दिसतात. जानेवारीच्या धुक्यात आणि जुलैच्या संततधारेत काचेवर आतून वाफ धरते, आणि ती लवकर पुसण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे एसीने कोरडी केलेली हवा हीटरवरून नेऊन काचेवर सोडणे. कॉईल काढून टाकलेल्या गाडीत चालक एका हाताने फडके फिरवत दुसऱ्या हाताने स्टिअरिंग सांभाळतो. आणखी एक गोष्ट अशी की, रस्त्यात इंजिन तापू लागले तर हीटर पूर्ण उघडल्याने इंजिनाची काही उष्णता निघून जाते आणि गाडी सुरक्षित जागी नेण्यापुरता वेळ मिळतो.

हीटर तपासणे एसीपेक्षा सोपे आहे. इंजिन थंड असताना कूलंटची पातळी पाहावी. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, उकळते पाणी तोंडावर उसळते. नंतर इंजिन तापू द्यावे आणि हीटरकडे जाणारे दोन्ही होज पाइप जपून चाचपावेत. दोन्ही गरम असून हवा कोमट असेल तर दोष झडपेचा आहे, जसा आमचा होता. एक गरम आणि एक थंड असेल तर कॉईल तुंबली आहे, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद राहिला आहे किंवा आत हवा अडकली आहे. दोन्ही कोमट असतील आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटाही वर चढत नसेल तर इंजिनाचा थर्मोस्टॅट उघडाच राहिला आहे, आणि अशा गाडीचे डिझेलही जास्त जळते. कॉईल तुंबण्याचे आपल्याकडचे मोठे कारण बोअरिंगचे पाणी आहे. ज्या पाण्याने कूलरच्या जाळीवर दोन महिन्यांत पांढरे थर चढतात तेच पाणी रेडिएटरमध्ये घातले तर हीटरच्या बारीक नळ्यांमध्ये तेच क्षार बसणार, हे आपण कूलर धुताना दरवर्षी पाहतो आणि तरीही गाडीत बोअरिंगचेच पाणी ओततो. कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी यांचे ठरलेले मिश्रण घालणे महाग वाटते, पण डॅशबोर्ड उघडून कॉईल बदलण्याच्या मजुरीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

आमच्या व्हॅनची क्लिप, पंख्याची मोटर, नळीचा झिजलेला तुकडा, ओ-रिंगा, ड्रायर आणि मोजून भरलेला गॅस, असा सारा खर्च ७,४०० रुपये आला. त्याआधी तीन वेळा मिळून ६,६०० रुपये गेले होते आणि त्यांच्या मोबदल्यात तीन भरण्यांचा बराचसा गॅस वातावरणात गेला होता. ही बाब पैशांहून गंभीर आहे. आर-१३४ए हा शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरून ठेवतो. ९०० ग्रॅम गॅस हवेत सुटला तर तो सुमारे सव्वा टन कार्बन डायऑक्साइडइतका भार टाकतो. अशा वायूंचा वापर कमी करण्यासाठीच्या ‘किगाली दुरुस्ती’ या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून या गटातील वायूंचा वापर २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवण्याचे मान्य केले आहे. देशाने जी बांधिलकी स्वीकारली तिच्या विरुद्ध दिशेने दर उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या दुकानांत नळीचे बूच सैल करून फुस्सकन गॅस सोडला जातो. तो यंत्राने डब्यात परत घेता येतो, शुद्ध करून पुन्हा वापरता येतो. स्वस्त म्हणून मिळणाऱ्या अनोळखी सिलिंडरांपासूनही सावध राहावे, कारण त्यांत ज्वलनशील वायूची भेसळ असेल तर प्रवाशांच्या डोक्याजवळून जाणाऱ्या नळ्यांमध्ये आपण जळाऊ गॅस भरत असतो.

मिस्त्री आणि दुकानदार यांच्यावर रोष धरून मी हे लिहीत नाही. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर वाकून दिवसाला पंधरा-वीस गाड्या हाताळणाऱ्या माणसाला तपासणीचे पैसे कोणी देत नाही, गॅसचे देतात, म्हणून तो गॅस विकतो. वाडीच्या मिस्त्रींनी पाऊण तास तपासणी केली आणि तिचे वेगळे पैसे मागितले नाहीत, तेव्हा मीच आग्रहाने ते दिले. तपासणी हे स्वतंत्र काम आहे आणि तिचे मोल देण्याची सवय आपण ग्राहकांनी लावून घ्यायला हवी.

त्याबरोबरच पावतीवर पाच गोष्टी लिहून मागाव्यात: गॅसचे नाव, भरलेले ग्रॅम, भरण्याआधीचा आणि नंतरचा दाब, बाहेरचे तापमान, आणि जाळीतून येणाऱ्या हवेचे तापमान. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचे प्रमाण, शुद्धता आणि किंमत जाणून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेव्हा ग्रॅमचा आकडा मागणाऱ्याला कोणी किरकिऱ्या समजू नये. शासनानेही १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहू ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे केले आहे, म्हणजे चालकाच्या डोक्यावरचा ताप हा रस्त्यावरच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, हे मान्य झाले आहे. नव्या गाडीला एसी बसवून घेतला, पण पाच-सहा वर्षांनी तो नीट तपासणारे हात शहरात नसले, तर त्या सक्तीचा लाभ टिकणार नाही.

यासाठी नागपुरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना माझी विनंती आहे. त्यांच्याकडे मोटार मेकॅनिक आणि रेफ्रिजरेशन-वातानुकूलन हे दोन्ही व्यवसाय शिकवले जातात. मार्च महिन्यातील दोन-तीन रविवारी या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी निदेशकांच्या देखरेखीखाली रुग्णवाहिका, शाळेच्या व्हॅन आणि रुग्णांची ने-आण करणाऱ्या जुन्या गाड्या माफक शुल्कात तपासून द्याव्यात आणि निरीक्षणांचा लेखी तक्ता द्यावा. दुरुस्ती कोठे करायची ते गाडीमालक ठरवतील. विद्यार्थ्यांना खऱ्या बिघाडांवर हात बसवता येईल आणि गाडीमालकाच्या हातात दुकानात जाण्याआधीच आकडे असतील. अशी तपासणी कोणी ठेवली तर आमची व्हॅन पहिल्या दिवशी उभी करण्याची माझी तयारी आहे, आणि तुटलेली क्लिप मी जपून ठेवली आहे, ती विद्यार्थ्यांना दाखवायला घेऊन येईन.

आपल्या दैनिकाने उन्हाळ्याआधी, शक्यतो मार्चच्या पहिल्या आठवड्यात, हे पत्र छापावे, कारण नवतप्यात दुकानांपुढे रांगा लागल्यावर कोणालाही थर्मामीटर लावायला वेळ नसतो. गेल्या शुक्रवारी बाहेर ३४ अंश असताना आमच्या व्हॅनच्या पुढच्या जाळीत ८ आणि मागच्या जाळीत १० अंश मिळाले. या नोंदी आता गाडीतल्या वहीत लिहिल्या जातात, आणि दीर स्वतः थर्मामीटर वाचून आकडा सांगतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
हुडकेश्वर, नागपूर